पवित्र पोर्टलवरील शिक्षक भरती : पात्रता, कागदपत्रे आणि प्राधान्यक्रम

दोन शिक्षकी शाळेतील एक पद रिकामे राहिले की उरलेला शिक्षक एकाच खोलीत चार इयत्ता घेऊन बसतो. चौथीचा भागाकार फळ्यावर मांडून होईपर्यंत पहिलीची मुले पाटीवर तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत राहतात. या मुलांचे मागे पडणे त्यांच्या बुद्धीमुळे नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 नुसार रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, आणि ही पदे भरण्याचा महाराष्ट्रातील मार्ग 2017 पासून पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरती प्रणालीवरून, जातो.

पोर्टलपर्यंत पोहोचण्याआधी दोन परीक्षा असतात आणि नावांच्या साधर्म्यामुळे अनेक उमेदवारांची त्यांत गल्लत होते. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. तिचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो, प्रत्येक पेपर 150 गुणांचा असून खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, तर मागास प्रवर्ग व दिव्यांग उमेदवारांना 55 टक्के गुण आवश्यक असतात. तिच्याऐवजी केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, सीटीईटी, हीही चालते. टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 गुणांची असते. त्यांपैकी 120 गुण अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे असून तीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही, मात्र निवडीसाठीची गुणवत्ता याच गुणांवर ठरते. ही चाचणी 2017, 2023 आणि 2025 मध्ये झाली. दोन चाचण्यांमधील अंतर पाहता मिळालेली संधी तयारीअभावी वाया घालवणे परवडणारे नाही.

शैक्षणिक अर्हता इयत्तांच्या गटानुसार बदलते. पहिली ते पाचवीसाठी बारावी व डी.एल.एड. ही अध्यापन पदविका किंवा पूर्वीचे डी.एड. लागते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2023 च्या निकालानंतर केवळ बी.एड. असलेल्या उमेदवाराला या गटात अर्ज करता येत नाही. नववी-दहावीसाठी संबंधित विषयातील पदवी व बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी व बी.एड. अपेक्षित असते. या वरच्या दोन गटांना टीईटीची अट नाही, टेट मात्र द्यावीच लागते.

पोर्टलवर नोंदणी झाल्यावर स्वप्रमाणपत्र भरावे लागते. अर्जाचा खरा कणा हाच आहे, कारण प्रवर्ग, समांतर आरक्षण (महिला, माजी सैनिक यांसारखे), माध्यम, विषय आणि गुण यांबाबत उमेदवाराने येथे जे लिहिले त्यावरच त्याला कोणती पदे दिसणार हे ठरते. पडताळणीत एखादी नोंद कागदाशी जुळली नाही, तर झालेली निवडही हातची जाऊ शकते. त्यामुळे दहावी-बारावीपासूनच्या गुणपत्रिका, पदविका किंवा पदवी प्रमाणपत्रे, टीईटीचे प्रमाणपत्र, टेटचे गुणपत्रक, अधिवास, जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, तसेच लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र समोर ठेवूनच हा अर्ज भरावा. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि बी.एड. सासरच्या नावाचे असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच काढून ठेवावे. पडताळणीच्या दिवशी ते मिळवणे शक्य नसते.

जाहिराती आल्यावर पात्रतेनुसार पदांची यादी दिसते, तीतून प्राधान्यक्रम लावून तो लॉक करावा लागतो आणि लॉक केल्यावर बदल करता येत नाही. जिल्हा परिषदा व इतर स्थानिक स्वराज्य संस्थांची पदे मुलाखतीशिवाय भरली जातात. खासगी अनुदानित संस्था मात्र मुलाखतीसह पर्याय निवडू शकतात आणि तेथे मुलाखतीबरोबर अध्यापन कौशल्यही तपासले जाते. गुणांनुसार आपल्या क्रमातील वरचे जे पद मिळू शकते तेच मिळत असल्याने, जेथे खरोखर रुजू व्हायचे नाही असा जिल्हा केवळ यादी लांबवण्यासाठी वर टाकू नये. तसे केल्यास जागा कागदावर भरते आणि शाळा रिकामीच राहते. उलट दुर्गम तालुक्यात राहून शिकवण्याची तयारी असेल, तर तो जिल्हा निःसंकोचपणे वर ठेवावा. पुढे बदली करून घेऊ, या हिशोबावर क्रम लावणे उमेदवारालाही महागात पडते.

निवड झालेल्यांची मूळ कागदपत्रे तपासून जिल्हा परिषदेत समुपदेशनाने, म्हणजे उमेदवाराला बोलावून रिक्त शाळांतून निवड करायला देऊन, शाळा दिली जाते. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काम करायचे असते आणि जानेवारी 2023 पासून त्याचे दरमहा मानधन प्राथमिकसाठी 16,000, माध्यमिकसाठी 18,000 व उच्च माध्यमिकसाठी 20,000 रुपये आहे.

केंद्रप्रमुखाचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्याचे, पद या पोर्टलवर शोधू नये. ते सेवेतील शिक्षकांमधूनच, पदोन्नतीने आणि विभागीय मर्यादित स्पर्धा परीक्षेने, भरले जाते.