रिग्ली की रेट? शिकागोतली बेसबॉलची दोन मैदानं आणि आपली जागा

उन्हाळ्यात शिकागोला मुलांकडे राहायला आलेले आईवडील, नाहीतर नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात, "एकदा बेसबॉलची मॅच बघायचीय, स्टेडियमला कसं जायचं?" मी आधी उलट विचारते, "कुठल्या?" मेजर लीगची, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगची, दोन मैदानं या एकाच शहरात आहेत. शिकागो कब्ज उत्तरेला रिग्ली फील्डवर खेळतात, शिकागो व्हाइट सॉक्स दक्षिणेला रेट फील्डवर. दोन्ही मैदानं रेड लाइन या शहरातल्या लोकल रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. आसनसंख्याही जवळपास सारखीच, रिग्लीची ४१,६४९ आणि रेटची ४०,६१५. घाईत तिकीट काढणारा माणूस दोन्हींकडे "शिकागो" एवढंच वाचतो आणि पैसे भरून मोकळा होतो. पण दोन्हीकडे जायची दिशा वेगळी, जागा निवडायचे नियम वेगळे आणि उन्हाची बाजू तर अगदी उलटी.

आधी जाण्याचं बघू. शहराच्या मध्यावरून, म्हणजे लेक किंवा मन्रो स्टेशनवरून, हॉवर्डची पाटी असलेली गाडी धरलीत की ॲडिसनला उतरायचं. प्लॅटफॉर्मवरूनच रिग्ली दिसतं, दोन मिनिटांत दारात. ९५वा रस्ता–डॅन रायनची पाटी असलेली गाडी धरलीत तर सॉक्स–३५वा रस्ता या स्टेशनवर उतरायचं. हे स्टेशन महामार्गाच्या मधोमध आहे. वर येऊन पुलावरून पश्चिमेला चालायचं की मैदान. दोन मैदानांमध्ये साधारण १४ किलोमीटरचं अंतर आहे. चुकीच्या दिशेची गाडी पकडली, तर पहिले दोन-तीन डाव गाडीतच जातात.

खरी फसगत होते ती नावांनी. ॲडिसन नावाची स्टेशनं शहरात तीन आहेत: रेड लाइनवर एक, ब्राउन लाइनवर एक आणि ब्लू लाइनवर एक. ॲडिसन हा पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरलेला रस्ता आहे आणि तिन्ही मार्ग त्याला आपापल्या ठिकाणी छेदतात. माझ्या ओळखीचे एक काका-काकू ब्लू लाइनने आले, पाटीवर ॲडिसन वाचलं आणि निवांत उतरले. तिथून रिग्ली चारपाच किलोमीटरवर. ॲडिसन रस्त्यावरून १५२ नंबरची बस मैदानापर्यंत जाते, तिने ते पोचले खरे, पण पहिला डाव हुकलाच. तिकीट रिग्लीचं असेल तर "ॲडिसन, रेड लाइन" असं पूर्ण नाव घरातून निघतानाच पाठ करून घ्या.

दक्षिणेकडेही तसंच आहे. ३५व्या रस्त्याच्या नावाची स्टेशनं रेड, ग्रीन आणि ऑरेंज अशा तीन मार्गांवर आहेत. ग्रीनचं ३५वा–ब्रॉन्झव्हिल–आयआयटी हे स्टेशन मैदानापासून चालत जाण्याजोगं आहे, त्यामुळे तिथे उतरलात तरी बिघडत नाही. ऑरेंजचं मात्र बरंच पश्चिमेला आहे. (ही आयआयटी म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिथे मराठी मुलंमुली बरीच असतात, आणि त्यांच्यासाठी रेट फील्ड म्हणजे शेजारचं अंगण.) शिवाय या मैदानाचं नावच तीनदा बदललंय. १९९१ ला उघडलं तेव्हा ते नवं कोमिस्की पार्क होतं, २००३ पासून यू.एस. सेल्युलर फील्ड, २०१६ पासून गॅरंटीड रेट फील्ड आणि आता नुसतं रेट फील्ड. जुने लोक अजून कोमिस्कीच म्हणतात, कुणी सॉक्स पार्क म्हणतं. तिन्ही-चारही नावांनी जागा तीच सांगितलेली असते.

आता बसायच्या जागेकडे वळते, कारण माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

रिग्ली १९१४ चं बांधकाम आहे. त्या काळी वरचा मजला पेलायचा म्हणजे खालून लोखंडी खांब द्यावे लागत. ते खांब आजही प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत. खांबांमुळे एक फायदा झाला: वरचा मजला मैदानाच्या अगदी जवळ, जवळजवळ डोक्यावर आणून ठेवता आला. तोटा असा की खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसलेल्या काही जणांच्या नजरेसमोर खांब येतो.

मी सासूबाई आणि बाबांना पहिल्यांदा नेलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. २००च्या आकड्यातला सेक्शन, मागची रांग, दर बरा वाटला म्हणून घेतली. बाबांच्या जागेवरून पिचर (चेंडू टाकणारा) आणि होम प्लेट (बॅट्समन उभा राहतो ती जागा) यांच्या बरोबर मध्ये हिरवा रंग दिलेला खांब. चेंडू टाकताना दिसायचा, मग खांबामागे नाहीसा व्हायचा आणि पुढे बॅटचा टणत्कार ऐकू यायचा. बाबा प्रत्येक चेंडूला आधी डावीकडे, मग उजवीकडे झुकत होते. वर पाहावं तर वरच्या मजल्याची कड खाली आलेली. उंच उडालेला चेंडू तिच्याआड गेला की तो कुठे पडला हे लोकांच्या ओरडण्यावरून ओळखायचं. उभी हयात वानखेडेवर क्रिकेट पाहिलेला माणूस, तीन तास मान वाकडी करून बसला. मला आजही त्याची रुखरुख वाटते.

म्हणून रिग्लीचं तिकीट घेताना स्वस्त-महाग नंतर बघा, आधी खांब बघा. २००च्या सेक्शनमध्ये घ्यायचंच असेल तर पुढच्या रांगा घ्या. नजरेला अडथळा असल्याची सूचना तिकिटाबरोबर दिसली तर ती गंभीरपणे घ्या. माझी स्वतःची पसंती वरच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगांना आहे. तिथून सगळं मैदान तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं, पलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बसून मॅच बघणारे लोक दिसतात आणि लांबवर मिशिगन तळ्याची निळी रेघ दिसते.

रेट फील्ड याच्या बरोबर उलट आहे. १९९१ ला ते बांधताना एकही खांब नजरेसमोर आडवा यायला नको, हे ठरवलेलं होतं. कुठल्याही जागेवर बसा, होम प्लेट स्वच्छ दिसते. पण खांब नाहीत म्हटल्यावर वरचा मजला खालच्याच्या डोक्यावर पुढे आणता येत नाही, तो मागे आणि वर सरकवावा लागतो. त्यामुळे तो फार उंच आणि फार तीव्र उताराचा झाला. लोकांनी इतकी कुरकुर केली की २००४ च्या हंगामाआधी वरच्या आठ रांगा, म्हणजे सुमारे ६,६०० खुर्च्या, काढून टाकल्या आणि त्यावर छत घातलं. आजही वरच्या मजल्यावर, ५००च्या सेक्शनमध्ये, पायऱ्या उतरताना कठडा धरावासा वाटतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नका. १००च्या सेक्शनमध्ये बसवा. व्हाइट सॉक्सची तिकिटं बहुतेक वेळा कब्जपेक्षा स्वस्त असतात, त्यामुळे तिथे खालची जागाही परवडते. सोबत लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. फाउल झालेला, म्हणजे रेषेबाहेर उडालेला, चेंडू प्रेक्षकांत गोळीसारखा येतो. एका फाउल पोलपासून, म्हणजे मैदानाच्या हद्दीवरच्या खांबापासून, दुसऱ्यापर्यंत सलग जाळी लावणारं मेजर लीगमधलं पहिलं मैदान हेच, २०१९ साली.

एका खुर्चीचा तर आता इतिहास झालाय. सेक्शन १४०, रांग १९, सीट २. २००५ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना या खुर्चीवरून पाहणारे शिकागोचे एक धर्मगुरू २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे झाले. व्हाइट सॉक्सने त्यांचं चित्र तिथे जवळच लावलंय.

आता ऊन. जुलैच्या दुपारी ते तिकिटाच्या दराइतकंच महत्त्वाचं असतं. बेसबॉलच्या नियमपुस्तकात एक शिफारस आहे: होम प्लेटपासून समोरच्या दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे दुपारचं ऊन बॅट्समनच्या डोळ्यांत जात नाही. रिग्लीचं तोंड ईशान्येकडेच आहे. तिथे तिसऱ्या बेसच्या (होम प्लेटमागून पाहिलं तर डावीकडच्या; पहिला बेस उजवीकडे) बाजूचे प्रेक्षक पश्चिमेला पाठ करून बसतात, म्हणून सावली आधी त्यांच्याकडे येते. रेट फील्डचं तोंड आग्नेयेकडे आहे. तिथे पश्चिमेला पाठ पहिल्या बेसच्या बाजूची असते आणि तिसऱ्या बेसची बाजू दक्षिणेकडे, म्हणजे थेट उन्हात बघत बसते. रिग्लीवर तिसऱ्या बेसला मस्त सावली मिळाली म्हणून रेटवरही तीच बाजू घ्याल, तर भाजून निघाल. दोन्ही मैदानांवर घरच्या संघाचा डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) मात्र तिसऱ्या बेसकडेच आहे. तेव्हा रेटवर खेळाडू जवळून बघायचे की सावलीत बसायचं, हे आधी ठरवावं लागतं. रिग्लीवर एका तिकिटात दोन्ही मिळतं.

एप्रिलमध्ये हाच हिशेब उलटा होतो. तळ्यावरचा वारा हाडांत शिरतो आणि रिग्लीच्या २००च्या सेक्शनमध्ये छताखाली दिवसभर ऊन येत नाही. तेव्हा उन्हातली जागा शोधा आणि घरातली जाड शाल खुशाल बरोबर घ्या.

रिग्लीच्या ब्लीचर्सबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बरेच जण त्यांना साधं स्वस्त स्टँड समजतात. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाच्या, भिंतीमागच्या त्या बाकड्यांवर सीट नंबर नसतो, जो आधी येईल त्याची जागा. त्यांचं दार वेगळं, मागच्या कोपऱ्यावर, आणि ते तिकीट घेऊन मुख्य स्टँडमध्ये जाता येत नाही. त्यामुळे निम्मं कुटुंब इकडे आणि निम्मं तिकडे असं तिकीट काढू नका, मधल्या वेळात भेट होणार नाही. तिथे सावली नाही, आरडाओरडा भरपूर, आणि पाहुण्या संघाने मारलेला होमरनचा (आपल्या सिक्सरसारखा) चेंडू हातात आला तर तो मैदानात परत फेकायची रीत आहे. विद्यार्थ्यांनी जरूर जावं. सासूबाईंना मी तिथे नेणार नाही.

त्या भिंतीवरची हिरवी वेल १९३७ ला तेव्हा कब्जकडे काम करणाऱ्या बिल व्हीक यांनी लावून घेतली. चेंडू वेलीत अडकला की फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅट्समनला दोन बेस मिळतात. हेच व्हीक पुढे व्हाइट सॉक्सचे मालक झाले आणि १९६० ला त्यांनी जुन्या कोमिस्कीत होमरन झाला की फटाके उडवणारा, चक्रं फिरवणारा स्कोअरबोर्ड उभारला. रेट फील्डवर आजही ती चक्रं फिरतात. सातव्या डावाच्या मध्यात सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं, त्यातही व्हीकच आहेत. समालोचक हॅरी कॅरे आपल्यापुरतं गुणगुणायचे, ते व्हीक यांनी १९७६ मध्ये माइकवर आणलं. कॅरे १९८२ ला कब्जकडे गेले आणि ते गाणं रिग्लीवर घेऊन गेले. दोन्हीकडचे लोक एकमेकांना कितीही हिणवोत, या दोन मैदानांची गंमत एकाच माणसाच्या डोक्यातून आलेली आहे, हे मला फार आवडतं.

खाण्याचं थोडक्यात. दोन्हीकडे घरचं थोडं खाणं नेता येतं, पिशवीच्या मापाचे नियम त्या दिवशी ॲपवर बघून घ्या. आम्ही पोळीचे रोल नेतो. रेट फील्डवर मात्र मक्याचे दाणे जरूर खावेत. विक्रेता तुमच्यासमोर कणीस उभं धरून सुरीने दाणे खरवडून कपात पाडतो, वर लोणी, चीज, लिंबू आणि तिखट. मेयोनीजही घालतात, अंडं चालत नसेल तर आधीच नको म्हणा. सासूबाईंनी दोन कप खाल्ले.

पहिल्यांदा कुठे न्यावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. खेळ समजून घ्यायचा असेल तर आधी रेट फील्ड. होम प्लेटच्या मागे, पहिल्या बेसच्या बाजूला सरकून, १००च्या सेक्शनमध्ये. विकेटकीपरच्या मागे बसल्यासारखं सगळं उलगडतं, मध्ये काही येत नाही, शांतपणे समजावून सांगता येतं. गाडीने जाणाऱ्यांना तिथे पार्किंगही भरपूर आहे. रिग्लीच्या गल्ल्यांत गाडी नेण्याचा विचारही करू नका. पार्किंगच्या आवारातच, रस्त्याच्या उत्तरेला, जुन्या कोमिस्कीची होम प्लेट जिथे होती ती जागा संगमरवरी फरशीने दाखवली आहे. तिच्यावर उभं राहायला दोन मिनिटं काढा. एकदा खेळ कळला की मग रिग्ली. तिथे हाताने आकडे बदलणारा १९३७ चा स्कोअरबोर्ड आहे, दिवे १९८८ मध्ये आले म्हणून दुपारच्या मॅचचा रिवाज अजून टिकून आहे. कब्जनी तब्बल १०८ वर्षांनी, २०१६ ला, वर्ल्ड सीरिज जिंकली. त्या विजयाची वाट बघतच ज्यांचे आजोबा गेले, ती माणसं अजून त्या खुर्च्यांवर बसतात.

परतीची वेळ. रेटवरून निघताना सॉक्स–३५व्यावर गर्दी दिसली तर पूर्वेला ग्रीन लाइनपर्यंत चालत जा. रिग्लीवर मॅच सुटली की सगळा लोंढा ॲडिसनच्या जिन्यावर चढतो. आम्ही त्यात शिरत नाही. उत्तरेला चालत पुढचं शेरिडन स्टेशन गाठतो आणि शहराकडची गाडी धरतो, बसायला जागा मिळते. ती गाडी ॲडिसनवरूनच जाते. दुसऱ्या खेपेला, या वेळी वरच्या मजल्यावरून मॅच बघून निघालो तेव्हा, बाबा उजवीकडच्या खिडकीशी बसले होते. स्कोअरबोर्डच्या वर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू असलेला झेंडा लागला होता, कब्ज जिंकले की तो लावतात, गाडीतून जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून. बाबांनी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी मुलाला खांद्यावर टॅप करून तो झेंडा बोटाने दाखवला.