ओलं मूळ आणि तीन इंजिनं

चढ जेमतेम पंधरा मीटरचा होता. मधोमध ओकच्या झाडाचं मनगटाएवढं मूळ वाटेला तिरकं छेदून गेलेलं. रात्रभरचा पाऊस आणि आधीच्या चाकांमुळे त्याची साल निघाली होती, आतलं लाकूड साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं. आम्ही तिघं होतो आणि बाईकही तीन जातींच्या. माझ्याकडे साडेतीनशे सीसीची फोर स्ट्रोक एंड्युरो (रानातल्या लांब शर्यतींसाठीची बाईक), मित्राकडे तीनशेची टू स्ट्रोक, आणि त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीकडे अडीचशेची साधी एअर-कूल्ड ट्रेल बाईक, ताकद माझ्या बाईकच्या निम्म्याहून कमी. ती पहिल्या प्रयत्नात वर गेली, सावकाश, टुकटुक करत. मित्र एकदा घसरला, मग गेला. मी त्याच मुळावर तीनदा बंद पडलो.

ही गोष्ट अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातली. अ‍ॅपलेशियन डोंगरांत हॅटफील्ड-मॅकॉय नावाचं रानवाटांचं जाळं २००० साली खुलं झालं, आता ते हजार मैलांच्या पुढे गेलंय. जमीन बरीचशी कोळसा आणि लाकडाच्या कंपन्यांची. परवाना काढायचा, हेल्मेट घालायचं आणि आखून दिलेल्या वाटेवरच राहायचं. काही वाटा फक्त दुचाकीपुरत्या, म्हणजे सिंगल ट्रॅक. कुठे कुठे दोन झाडांमधून हँडल कसंबसं जातं.

त्या दिवसापासून दोन बाईकची तुलना मी हॉर्सपॉवरवरून करणं सोडलं. कारण साध्या गणितात आहे.

बाईक १०५ किलोची, आणि बूट, हेल्मेट, पाण्याच्या पिशवीसकट स्वार ८५ किलोचा. एकूण १९०. चढावर यातलं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकावर येतं, म्हणजे बलाच्या भाषेत ११०० न्यूटनच्या आसपास. ओल्या लाकडावर रबराचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.२ धरू. मग चाक जास्तीत जास्त २२० न्यूटन रेटा देऊ शकतं. त्याच्या पुढे गेलं की जागच्या जागी गरगर. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर, म्हणजे चाकावर सुमारे ७३ न्यूटन-मीटर टॉर्क, फिरवणारा जोर. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत पोचताना वीस-पंचवीस पट होतो. उलटा हिशेब केला तर इंजिनाकडून हवेत फक्त तीन-साडेतीन न्यूटन-मीटर. ही इंजिनं पस्तीस-चाळीस सहज देतात. म्हणजे त्या मुळावर ताकदीचा दहावा हिस्साच वापरता येतो, उरलेले नऊ हिस्से चाक घसरवायच्याच कामाचे.

हिशेबाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १५ अंशांच्या चढावर १९० किलो नुसते जागेवर तोलायला सुमारे ४८० न्यूटन लागतात. मुळावर मिळतात २२०. म्हणजे चाक मुळावर असेपर्यंत बाईकचा वेग कमी होणारच, कोणतंही इंजिन लावा. मूळ पार करायचं ते खालच्या मातीवर कमावलेल्या वेगावर. मुळावर इंजिनाने दोनच गोष्टी करायच्या: चाक घसरवायचं नाही आणि बंद पडायचं नाही. त्यात घर्षणाची शिल्लक एकच असते. ती पुढे ढकलण्यात संपली की आडवं धरून ठेवायला काही उरत नाही, आणि मूळ तिरकं असेल तर मागचं चाक त्यावरून सरळ खाली उतरतं. माझं तेच झालं. चाक घसरलं, मी दचकून रेस सोडली आणि इंजिन मेलं.

इंजिन मरतं का? घरी पायमशीन असेल तर आठवा. पाय थांबला तरी मशीनचं चाक आणखी दोन टाके घालतं. इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे आत फिरणारं जड चाक, हेच करतं. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. बाकीचे तीन स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या खेपा, साठवलेल्या ऊर्जेवर ओढायचे असतात, त्यातला एक तर हवा दाबून बसवण्याचा, कॉम्प्रेशनचा. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून इंजिन ७५० वर आलं की ऊर्जा निम्मी होत नाही, एक चतुर्थांश उरते. पुढचा कॉम्प्रेशन स्ट्रोक तिला झेपला नाही की संपलं.

स्पर्धेसाठी बनवलेल्या इंजिनात फ्लायव्हील मुद्दाम हलकं ठेवतात, म्हणजे रेस दिल्याबरोबर फेऱ्या चढतात. शिवाय कॉम्प्रेशन जास्त. मैदानावर याचा फायदा आणि रानात तोटा. मित्राच्या मुलीच्या ट्रेल बाईकमध्ये सगळं उलटं होतं: फिरणारं वजन जास्त, कॉम्प्रेशन कमी, फेऱ्या चढणं सावकाश. तिच्या मनगटाची छोटी चूक चाकापर्यंत पोचेपर्यंत विरून जायची. फ्लायव्हीलवर बसवायची पोलादी कडी बाजारात मिळतात, आणि रानात फिरणारे लोक ती पैसे मोजून बाईकमध्ये वजन वाढवायला घेतात, हे ऐकून मला तेव्हा नवल वाटलं होतं.

आता टू स्ट्रोक. आरएक्स १०० च्या आवाजावर वाढलेल्या पिढीला या इंजिनाची ओळख करून द्यायला नको. प्रत्येक फेरीला स्फोट, व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच सरकता सरकता सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो आणि बंद करतो. अडचण अशी की जळका धूर बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं. दादरला लोकलच्या एका दारातून शिरलेला माणूस गर्दीच्या रेट्याने समोरच्या दारातून बाहेर फेकला जावा, तसं थोडं ताजं पेट्रोल न जळताच निघून जातं.

त्याला परत आत ढकलायची युक्ती पूर्व जर्मनीत झ्शोपाऊच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पक्की केली. टू स्ट्रोकचा सायलेन्सर मध्येच पोट सुटल्यासारखा फुगलेला दिसतो, ती ही युक्ती. दार उघडलं की दाबाची लाट नळीतून ध्वनीच्या वेगाने धावते. नळी रुंद होते तिथून उलटी, ओढणारी लाट परत येते आणि धूर बाहेर खेचते. नळी पुन्हा अरुंद होते तिथून दाबाची लाट परतते, आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण दार बंद होण्याआधी आत लोटते.

सगळं वेळेवर अवलंबून. ८००० फेऱ्यांवर एक फेरी साडेसात मिलिसेकंदांची. धुराचं दार त्यातला निम्म्याहून किंचित जास्त वेळ, चारेक मिलिसेकंद उघडं. गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर, म्हणजे चार मिलिसेकंदांत दोन मीटर: एक मीटर जाणं, एक मीटर येणं. या बाईकच्या पोटाखालची वळणदार नळी साधारण तेवढीच लांब असते. ४००० फेऱ्यांवर मात्र दार आठ मिलिसेकंद उघडं राहतं, लाट निम्म्या वेळेतच येऊन जाते आणि तिचा उपयोग होत नाही. म्हणून जुन्या टू स्ट्रोक खाली मरगळलेल्या आणि एका ठिकाणी अचानक उसळणाऱ्या असत. १९६१ साली एमझेडचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला, काडेन यांचं ज्ञान सुझुकीकडे गेलं आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, त्या बाईकवर डेग्नरच बसला होता. काडेन यांना त्याचं श्रेय आणि मोबदला मिळाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

ती उसळी रानात घातक. तिला माणसाळवलं पॉवर व्हॉल्व्हने: कमी फेऱ्यांवर धुराच्या दाराची उंची कमी करणारी एक झडप. तिच्यासोबत मोठा सिलिंडर आला, आणि आजची तीनशे सीसीची टू स्ट्रोक ट्रॅक्टरसारखी कमी फेऱ्यांवर ओढू लागली. केटीएमची ३०० ईएक्ससी त्याचा नमुना. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७२ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ७२, क्षमता २९३ सीसी. २०१८ च्या मॉडेलपासून तिला फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे ऑईल मिक्स करून पेट्रोल भरण्याची कटकट संपली. ऑस्ट्रियात लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून भरणाऱ्या एर्झबर्ग रोडिओसारख्या अतिकठीण शर्यतींत टू स्ट्रोकचं राज्य का आहे, हे या ओढीवरून कळतं.

केटीएमचीच फोर स्ट्रोक ३५० ईएक्ससी-एफ शेजारी उभी करा. बोअर ८८, स्ट्रोक फक्त ५७.५. रुंद आणि बुटका सिलिंडर, म्हणजे जास्त फेऱ्या आणि वरची ताकद. गंमत वजनाची आहे. तराजूवर दोघींत एखाद-दुसऱ्या किलोचा फरक, पण हातात फोर स्ट्रोक जड लागते. तिच्या डोक्यात कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह असतात, म्हणजे वजन वर सरकलेलं. शिवाय फिरणारी प्रत्येक वस्तू आपला अक्ष बदलायला विरोध करते, जसा फिरता भोवरा. आतले भाग जितके जास्त आणि जितक्या वेगाने फिरतात, तितका झाडांमधून डावी-उजवीकडे झुकवताना विरोध जाणवतो.

उतारावर मात्र पारडं फिरतं. रेस सोडल्यावर फोर स्ट्रोकचा पिस्टन बंद थ्रॉटलमागे, म्हणजे हवेच्या बंद झडपेमागे, निर्वात ओढत राहतो, आणि बाईकला न लावलेला ब्रेक मिळतो. टू स्ट्रोक सायकलसारखी सुटते. ओल्या पानांच्या लांब उतारावर मी माझी बाईक कोणाला बदलून दिली नसती. मोकळ्या, वेगाच्या वाटेवरही तीच बरी. तिचा जोर सरळ रेषेत वाढतो आणि चाकाला पकड सापडत राहते.

हवेने गार होणारी होंडा सीआरएफ २५० एफ या दोघींच्या पंगतीत बसत नाही, आणि तिने बसूही नये. वजन १२० किलो, म्हणजे जास्तच. सस्पेन्शनची हालचाल २४० मिलिमीटरच्या आसपास, तर एंड्युरो बाईकची ३००. दगडांवर वेग वाढवला की ती तळाला आपटते. पण सीट ८८ सेंटिमीटरवर आहे, केटीएमची ९६ वर. रानात तोल गेल्यावर पाय जमिनीला टेकतो की नाही, हे आठ सेंटिमीटर ठरवतात.

सस्पेन्शनबद्दल एकच सांगतो. मोटोक्रॉसची, म्हणजे मैदानावरच्या उड्यांच्या शर्यतीची, बाईक उंच उडी झेलायला कडक असते. रानात ती दगडावरून उसळते, आणि उसळलेल्या चाकाला पकड शून्य. पुढचं चाक सगळीकडे २१ इंची असतं त्याचंही कारण भूमितीत आहे: दहा सेंटिमीटरचा दगड मोठ्या चाकाला कमी उभ्या कोनात भेटतो. टायरमध्ये हवा बारा-चौदा पीएसआय, रस्त्याच्या निम्मी. रबर मुळाभोवती दुमडलं पाहिजे.

विजेच्या बाईकने माझ्या चढाचा प्रश्न मुळातून सोडवलाय. मोटर शून्य फेऱ्यांवरही टॉर्क देते, बंद पडायला तिच्यात काही नाही, क्लच नाही. २०२१ च्या डिसेंबरात जाहीर झालेली स्पेनची स्टार्क वार्ग ११० किलोत ८० हॉर्सपॉवर सांगते. अडचण साठवणीची. नऊ लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ८० किलोवॅट-तास ऊर्जा असते. तिच्यातली पाऊण उष्णतेत गेली तरी वीस उरतात. अशा बाईकच्या बॅटरीत असतात सहा-सात. संपल्यावर रानात कॅनने भरता येत नाही.

आपल्याकडे या जातीच्या बाईक विरळाच. चाकणमध्ये बनणारी केटीएम ३९० एंड्युरो आर पेट्रोलसकट पावणेदोनशे किलोच्या आसपास, हीरोची एक्सपल्स २०० एकशे साठच्या घरात. कच्चा रस्ता, माळ, घाटातली लाल माती यांसाठी दोन्ही चांगल्या, विशेषतः एक्सपल्स, कारण ती मनगटाच्या चुका पोटात घालते. पण वरच्या हिशेबात १०५ च्या जागी १७५ घालून पाहा. त्याच चढावर तोलायलाच साडेसहाशे न्यूटन लागतात, आणि पडल्यावर उचलायचे ते ७० किलो वेगळेच.

सह्याद्रीच्या अभयारण्यांत आणि राखीव जंगलांत परवानगीशिवाय गाडी घालायला मनाई आहे, आणि त्यामागेही हेच घर्षण आहे. घसरणारं चाक मातीचा वरचा थर उकरतं, चर पडते, पुढच्या पावसात पाणी तीच वाट धरतं. जांभ्यावरची वीतभर माती एका पावसाळ्यात जाऊ शकते.

आमच्या चढावर त्या मुळाच्या खालच्या बाजूला हातभर लांब खड्डा झाला होता. तिथे चाक फिरवत राहिलेल्या सगळ्यांचा तो होता, त्या सकाळी त्यात माझीही भर पडली होती. वर जाण्याआधी आम्ही ओढ्यातले दगड आणून तो भरला. वीस मिनिटं लागली.