ब्रेक दाबला की रिव्हर्सचा दिवा का लागतो?

गाडी घेऊन चौथा दिवस होता. संध्याकाळी कोल्हापुरातल्या रंकाळ्यावरून घरी येताना जुना वाशी नाक्याजवळच्या गर्दीत थांबले, तर एक मोटरसायकलवाला काचेजवळ आला. "ओ ताई, मागचा लाइट बघून घ्या की. ब्रेक दाबला की रिव्हर्सचा बी लागतोय. तुम्ही थांबलाय का मागं येताय, कायच कळंना."

घरी आल्यावर मुलाला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं आणि मागे जाऊन पाहिलं. डावा ब्रेकलाइट विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. त्याच्या शेजारचा रिव्हर्सचा पांढरा दिवा मंद, तांबूस. पलीकडे उजव्या बाजूचा रिव्हर्सचा दिवाही तितकाच तांबूस. गाडी न्यूट्रलमध्ये, म्हणजे रिव्हर्सच्या दिव्यांना करंट जायचं काहीच कारण नाही. डावा इंडिकेटर लावला, तर ब्रेकलाइट त्याच तालावर मिचकायला लागला.

गाडी १४ वर्षं जुनी आहे, छोटी, पेट्रोलची. इंजिन शांत, गिअर नीट, पत्रा शाबूत. तक्रारी सगळ्या विजेच्या. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही, हेडलाइट पिवळट, ड्रायव्हरच्या बाजूची काच रडतखडत वर येते, आणि आता हे. ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला की बॅटरी बदल, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र. माझं मत तेव्हाही उलट होतं आणि आज जास्तच पक्कं आहे: मोजमाप केल्याशिवाय जुन्या गाडीचा एकही भाग विकत घेऊ नये. या सगळ्या तक्रारींत एकही महागडा भाग बिघडलेला नव्हता. बिघडले होते ते जोड.

घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात, हे आपण लहानपणापासून बघतो. गाडीतल्या दिव्याला मात्र बहुतेक ठिकाणी एकच लांब वायर येते. दुसरी आखूड असते आणि जवळच पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. बॅटरीचा ऋण टोकही जाड केबलने पत्र्यालाच जोडलेला असतो. म्हणजे दिव्यातून गेलेला करंट गाडीच्या अंगातून बॅटरीकडे परत येतो. गॅरेजमध्ये याला अर्थ किंवा बॉडी अर्थ म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, चार रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा तो असणारही कसा? पोलाद तांब्यापेक्षा बराच कमी वाहक आहे, पण गाडीचा पत्रा वायरीच्या मानाने इतका रुंद असतो की ती उणीव सहज भरून निघते. शिवाय कित्येक मीटर तांबं वाचतं.

हिशोब उत्तम आहे, पण एका अटीवर. पत्र्याला आवळलेला तो बोल्ट कोरडा आणि स्वच्छ राहिला पाहिजे.

डिकीतलं अस्तर बाजूला केल्यावर डाव्या दिव्याच्या मागे तो बोल्ट दिसला. १० नंबरचा पाना लागला. वायरीच्या टोकाचं गोल लग काळं पडलं होतं आणि कडेला हिरवी भुकटी जमली होती, तांब्याच्या जुन्या भांड्यावर जमतो तसा कळंक. बोल्टखालच्या पत्र्यावर तांबूस गंज. तांबं, पोलाद आणि मध्ये दिव्याच्या झिजलेल्या रबरातून झिरपलेलं पाणी. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की तिथे एक छोटासा विद्युतघट तयार होतो आणि त्यात लोखंड स्वतःला झिजवत जातं. गंज विजेचा वाईट वाहक असल्याने करंटची वाट अरुंद होते.

मल्टीमीटर, म्हणजे विजेचा दाब आणि करंट मोजायचा मीटर, व्होल्टवर म्हणजे दाबावर ठेवला. एक टोक दिव्याच्या अर्थ वायरीला लावलं आणि दुसरं लांब वायर ओढून थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. ब्रेक दाबला. दोन्ही जागा जोड चांगला असेल तर एकाच पातळीवर असाव्यात, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य, फार तर ०.१ व्होल्ट. आकडा आला ६.२.

रिव्हर्सच्या दिव्याचं कोडं इथेच सुटतं. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट अर्थच्या जोडाशी येतो आणि वाट बंद असल्याचं त्याला आढळतं. त्याच जोडाला शेजारचा रिव्हर्सचा दिवाही बांधलेला आहे. मग करंट त्या दिव्यात उलट बाजूने शिरतो, रिव्हर्सच्या वायरीतून उजव्या दिव्याकडे जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून घरी परततो. तिन्ही फिलामेंट २१ वॅटची. एकापाठोपाठ एक अशी जोडली गेल्यावर १२ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि कुणालाच पोटभर मिळत नाहीत, म्हणून तिघं मंद. इंडिकेटर लावला की त्याचा करंटही त्याच अडलेल्या दारात येऊन गर्दी करतो, त्या जागेचा दाब वरखाली होतो आणि ब्रेकलाइट त्याच्याबरोबर मिचकतो. म्हणजे बिघाड एका ठिकाणी आणि लक्षणं तीन ठिकाणी. दिवे बदलत बसलं असतं तर तिघंही बदलून झाले असते आणि तक्रार तशीच राहिली असती.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग बसवलं, बोल्ट आवळला आणि वरून वॅसलीनचा थर दिला. मीटरवर ०.०४. ब्रेकलाइट लालभडक. मुलगा गाडीतून ओरडला, "आई, झालं का?" आणि मी मागे उभी राहून नुसतं बघत होते.

पुढचं सगळं मात्र उद्यमनगरात शिकले. तिथल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे काच नीट उचलत नसल्याची तक्रार घेऊन गेले. मी म्हटलं, मोटरची प्लग काढून मीटरने बघितलंय, १२ व्होल्ट येतायत, म्हणजे मोटरच गेली. त्यांनी मान हलवली. "मीटरनं नुसतं बघून चालत न्हाई ताई. दिवा लावून बघा. दिव्याला करंट लागतो, मीटरला लागत न्हाई." आणि त्यांनी २१ वॅटचा एक बल्ब त्याच दोन टोकांना लावला. बल्ब लागलाच नाही म्हणण्याइतका मंद. मीटर मात्र बल्ब काढला की पुन्हा १२ दाखवत होता.

काकांच्या त्या एका वाक्यात ओमचा नियम आहे. गेऑर्ग ओम यांनी तो १८२७ मध्ये मांडला: वाटेत जेवढा विरोध आणि जेवढा करंट, त्यांच्या गुणाकाराइतका दाब वाटेतच खर्च होतो. डिजिटल मीटरच्या आत साधारण एक कोटी ओमचा विरोध असतो, त्यामुळे तो जवळजवळ करंट घेतच नाही. करंट नाही तर गुणाकार शून्य, आणि सडलेल्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. नळाची पाइप चोंदलेली असली तरी तोटी बंद असताना दाब पूर्णच असतो, पाणी सोडल्यावर खरं काय ते कळतं, तसंच हे. म्हणूनच वायर 'चालू आहे का' हे बीप वाजवून तपासणंही फसवं असतं. वायरीच्या आतल्या २० बारीक तारांपैकी एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो, आणि त्या एका तारेवर मोटर काही फिरत नाही.

काचेच्या बाबतीत नेमकं तसंच निघालं. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, त्यातून वायरी दारात जातात. दार उघडलं की त्या वाकतात, मिटलं की पुन्हा वाकतात. दिवसातून १० वेळा धरलं तर १४ वर्षांत ५० हजारांवर वेळा. तांबं वाकवत राहिलं की कडक होतं आणि एकेक तार तुटत जाते, वरचं प्लास्टिक मात्र धडधाकट दिसतं. काकांनी नळी सरकवली, वायर बोटांत धरून हलकेच ताणली आणि ती एका ठिकाणी चिंगमसारखी लांबली. आत तांबं जवळजवळ उरलंच नव्हतं. नवा तुकडा डाग देऊन जोडला आणि काच सरसर वर.

हेडलाइटचं गणित मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलं, कारण त्याचा संबंध थेट जिवाशी आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते, हेडलाइटच्या होल्डरवर १२.३. मधले १.८ व्होल्ट कुठे गेले? माझ्या गाडीत दोन्ही दिव्यांचा मिळून सुमारे ९ अँपिअर करंट स्टिअरिंगशेजारच्या दांडीतल्या छोट्याशा स्विचमधून जातो. तिथले झिजलेले संपर्क, फ्यूजची जागा, होल्डर, प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं. १.८ गुणिले ९ म्हणजे १६ वॅट उष्णता, नुसत्या जोडांत. स्विचचं प्लास्टिक एका कडेला तपकिरी का झालं होतं, ते तेव्हा समजलं.

आणि हॅलोजनचा उजेड दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने होतो; ढोबळमानाने दाबाच्या साडेतीनच्या घाताने. दाब १० टक्के घटला की उजेड ३० टक्के घटतो. माझ्या गाडीचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड वाटेतच संपत होता, आणि मी त्या दिव्यांवर पावसाळी रात्री गगनबावड्याहून घाट उतरायचा बेत करत होते. पुष्कळ जण अशा वेळी जास्त वॅटचे बल्ब घालतात. त्याने करंट वाढतो, करंट वाढला की जोडातली घट वाढते आणि उष्णता तर करंटच्या वर्गाने वाढते. शेवटी होल्डर वितळतो. खरा उपाय म्हणजे रिले, छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून आखूड, जाड वायर फ्यूजमधून थेट दिव्याला, आणि जुन्या स्विचने फक्त रिलेचं चुंबक चालू करायचं, ज्याला एक-पंचमांश अँपिअरही पुरतो. दोन रिले, फ्यूज आणि वायर मिळून खर्च एका बऱ्या जेवणाइतका आला. होल्डरवर आता १३.७ व्होल्ट येतात.

फ्यूजबद्दल एकच सांगते. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. सारखा उडतो म्हणून लालच्या जागी हिरवा घातला तर फ्यूजचं काम वायर करते, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते.

बॅटरी उतरण्याचा शोध रविवारी सकाळी लागला. चावी काढून, दारं मिटून अर्धा तास गाडीला निवांत राहू दिलं, कारण तिच्यातले छोटे संगणक झोपी जायला वेळ घेतात. मग बॅटरीच्या ऋण टोकात मीटर अडकवून करंट मोजला. घड्याळ, कुलूप आणि संगणकाची आठवण यांना मिळून ०.०३ अँपिअरच्या आसपास ठीक. माझा आकडा ०.४२. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर ३५ तास पुरवेल इतकी. अर्धी रिकामी झाली की जुन्या बॅटरीवर सेल्फची खात्री नाही. १७.५ भागिले ०.४२ म्हणजे ४२ तास, म्हणजे दोन दिवसांहून थोडं कमी. गाडी घेतल्यापासून ती जे करत होती, तेच उत्तर कागदावर आलं होतं. ०.०३ ने हाच वेळ २४ दिवसांचा होतो.

चोर कुठल्या वाटेवर आहे हे बघायला फ्यूज उपटायची गरज नाही. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून तिथे टेकवायचा. झोपलेल्या वाटेवर शून्य येतं. गाण्यांच्या टेपच्या फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट आले. टेप बाहेर ओढली तर मागे काळ्या चिकटपट्टीचा गोळा. आधीच्या मालकाने, चावी काढल्यावरही गाणी लागावीत म्हणून, लाल आणि पिवळी अशा दोन्ही वायरी कायम चालू असलेल्या वायरीला पिळून टाकल्या होत्या. पिवळी आठवणीसाठी कायमची हवी, लाल मात्र चावीबरोबर बंद व्हायला हवी. लाल वेगळी केली आणि मीटर ०.०३ वर आला. बॅटरी आजही तीच आहे.

हे करताना एक पथ्य पाळा. बॅटरी सोडताना आधी ऋण टर्मिनल, जोडताना ते शेवटी. नाहीतर धन बाजूला लावलेला पाना पत्र्याला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. मीटर करंटवर अडकवलेला असताना सेल्फ मारू नका. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना मीटर किंवा दिवा अजिबात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघितलीच पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशी गाडी धुऊन, पॉलिश करून नवीसारखी दिसते. पण पाणी वायरीच्या कापलेल्या टोकातून तारांच्या मधल्या फटींत शिरतं आणि वात तेल ओढते तसं प्लास्टिकच्या आतून वर चढत जातं. जिथपर्यंत पूर पोचलाच नाही तिथलं तांबंही काळं पडतं, आणि बिघाड सहा महिन्यांनी, वर्षाने, एकेक करून बाहेर येतात. मी गाडी बघायला गेले तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या घडीत गाळ आहे का ते पाहिलं, सीटखालचे बोल्ट पाहिले, गालिच्याची कड उचलून वास घेतला. विकणाऱ्याला थोडं वाईट वाटलं असेल, पण त्याच्यासमोरच हे केलेलं बरं.

मृग लागायच्या आठवडाभर आधी या वर्षी गाडीतले सगळे अर्थ बोल्ट शोधून काढले. सात सापडले. सहा घासून, वॅसलीन लावून पुन्हा आवळले. सातवा इंजिनच्या खालच्या बाजूला आहे, गिअरबॉक्सपासून पत्र्याला जाणारा जाड पट्टा, त्याच्या अर्ध्या तारा सुटल्यात. सेल्फ मारताना त्या पट्ट्यावर ०.६ व्होल्ट खर्च होतात. नवा पट्टा उद्यमनगरात सांगून ठेवलाय, शनिवारी बसवायचाय.