गिरणगावाला कोणी विचारलं?

१८८४ साली सरकारनं मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या कारभाराची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगापुढे मालकांची बाजू मांडली जाणारच होती. कामगारांचं म्हणणं पोहोचवायचं, तर ते आधी कोणीतरी गोळा करायला हवं होतं. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, अशा साध्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. मुंबईत शहराचं राजकारण आणि सामाजिक न्याय यांबद्दल स्थानिक माणसांना बोलतं करण्याची जी परंपरा आहे, तिची सुरुवात मी तरी इथून धरतो.

पण कामगारांना विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं, असं होत नाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडी जाणार. एवढ्या कारणावरून सवर्ण कामगारांनी दलितांना साचेखात्यात येऊ दिलं नाही, आणि चांगला पगार तर त्याच खात्यात होता. दलितांच्या वाट्याला बहुतेक कमी पगाराचं रिंग खातं, म्हणजे सूतकताईचं खातं, आलं. १९२८चा संप सहा महिने चालला, त्यातूनच गिरणी कामगार युनियन मोठी झाली. त्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी साचेखात्याचा प्रश्न पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. ते स्वतः परळच्या चाळीत राहिलेले, त्यामुळे हे त्यांना कोणी अहवालातून सांगायची गरज नव्हती. लाल झेंड्याखालच्या एकजुटीतही कोणाचा तरी आवाज दबलेला होता, ही गोष्ट आजही गिरणगावाबद्दल लिहिताना पटकन वगळली जाते. मला ती वगळता येत नाही.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न जमिनीवर आला. १९९१च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८नं गिरण्यांच्या जागेचे ढोबळमानानं तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला आणि मालकाला. २००१च्या दुरुस्तीनं हे वाटप फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतं ठेवलं, त्यामुळे पहिल्या दोघांच्या हाती फार थोडं उरलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. याच सुमारास, म्हणजे २००४ साली, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून या भागाचा इतिहास पुस्तकरूपानं समोर आणला. कामगार, कार्यकर्ते, शाहीर, बायका, सगळे त्यात आपल्या तोंडानं बोलतात.

बायकांचं बोलणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गावाकडून एकटे आलेले कामगार बायकांच्या खाणावळीत जेवायचे. एका खोलीत चूल, तिथंच पंगत, आणि संप लागला की उधारी. घेतलेलं कर्ज सावकाराचं, व्याज बाईच्या डोक्यावर. याच बायकांना धरून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या, तेव्हा पात्रता गिरणीतल्या नोकरीच्या नोंदीवरून ठरली. खाणावळवालीचं नाव कुठल्याही गिरणीच्या मस्टरवर नव्हतं.