पुढच्या स्प्रिंगा बाहेरच्या, मागच्या कंपनीच्या

गाडी थोडी खाली बसावी, वळणावर कमी झुकावी म्हणून अनेक जण आखूड आणि जास्त ताठ स्प्रिंगा बसवून घेतात. पुष्कळदा पुढची जोडीच बदलली जाते आणि मागे कंपनीच्याच स्प्रिंगा राहतात. निम्मे काम केले तर निम्मा फायदा मिळेल, असा हिशेब त्यामागे असतो. तो चुकतो, कारण पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचे वेळापत्रक एकमेकींशी जुळवलेले असते.

स्प्रिंगवरचे वजन दाबून सोडले की ते ठरावीक गतीने वरखाली होते. सेकंदाला किती हेलकावे, हे स्प्रिंगचा ताठपणा आणि तिच्यावरचे वजन या दोनच गोष्टी ठरवतात. साध्या प्रवासी गाडीत ही संख्या साधारण १ ते १.५ असते. आता ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घ्या. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. उंचवटा आला की पुढची चाके आधी उचलली जातात, मागची ०.१ सेकंदाने. म्हणजे मागची बाजू डोलायला नेहमीच उशिरा सुरुवात करते. दोन्ही बाजूंची गती सारखी ठेवली तर हा उशीर तसाच राहील आणि गाडी नाक वर, शेपूट खाली अशी डुलत राहील. नुसत्या वरखाली होण्यापेक्षा हे डुलणे माणसाला जास्त त्रास देते.

यावरचा उपाय मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना शोधला. वजने इकडून तिकडे हलवता येतील अशी गाडी तयार करून त्याने प्रयोग केले. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद डोलली पाहिजे, हे त्यातून दिसले. उशिरा सुटलेला झोपाळा किंचित जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो, तसेच हे. समजा पुढे १.२ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १.२ हेलकावे) आणि मागे १.४ हर्ट्झ आहे. पुढचा एक हेलकावा ०.८३ सेकंदात पुरा होतो, मागचा ०.७१ सेकंदात. ०.१ सेकंदाचा उशीर एका हेलकाव्यातच भरून निघतो आणि गाडी सपाट राहून शांत होते. इतकी सुबक गोष्ट रोज आपल्या पायाखाली घडत असते आणि ती सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढे दीडपट ताठ स्प्रिंग बसवली की हे गणित उलटते. पुढची गती १.४७ हर्ट्झवर जाते आणि मागची बाजू गाठण्याऐवजी दर हेलकाव्याला आणखी मागे पडते. मग ‘गाडी उड्या मारते’ अशी तक्रार येते आणि दोष नव्या स्प्रिंगच्या दर्जावर जातो. त्यातच शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच असतील तर वाढलेला ताठपणा त्यांना आवरत नाही, आणि हेलकावे लांबतात.

वळणावरचा परिणाम मला याहून गंभीर वाटतो. वळताना आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. पुढची आणि मागची यांपैकी ज्या बाजूच्या स्प्रिंगा जास्त ताठ, त्या बाजूला ही अदलाबदल जास्त होते. टायरवर दुप्पट वजन टाकले म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे ताठ बाजूची एकूण पकड घटते. पुढे ताठ केले तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. वेग कमी करून तिला आवरता येते. पण फक्त मागे ताठ केले तर ओल्या रस्त्यावर शेपूट निसटू शकते, आणि तेव्हा घाबरून ब्रेक दाबला की ते आणखी निसटते. मागची जोडी बदलायला सोपी असते म्हणून तेवढीच बदलणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. पुढच्या किंवा मागच्या एकाच जोडीतल्या डाव्या-उजव्या स्प्रिंगा वेगळ्या बसवण्याचा तर विचारही करू नये. एक तुटली तरी जोडीच बदलावी.

खोक्यावरचे ताठपणाचे आकडे पाहून पुढची-मागची तुलना करणेही फसवे असते. स्प्रिंग चाकाजवळ नसून चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, मधोमध बसवली असेल, तर चाकाला तिचा ताठपणा फक्त पाव जाणवतो. म्हणून मागच्या स्प्रिंगवर मोठा आकडा असूनही ती बाजू मऊ असू शकते.

तरीही मिश्रण योग्य ठरेल असा एक प्रसंग आहे. मागे कायमचे सामान लादलेले असेल आणि त्यामुळे मागच्या स्प्रिंगांवरचे वजन ३० टक्के वाढले असेल, तर ३० टक्के ताठ स्प्रिंग मागची मूळ गती परत आणते. पुढच्या कंपनीच्या स्प्रिंगांना हात लावावा लागत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र त्या वजनाला पुरेसे असले पाहिजेत. आणि सामान रोज चढवून-उतरवून घेणार असाल, तर रिकामी गाडी मागून आदळत चालेल.