टाचांच्या भेगा, मुठेल आणि व्हॅसलिन

कोकणात थंडीत टाचांना भेगा पडल्या की मुठेल काढतात. कोकमाच्या बियांचं हे तूप, मुठीत दाबून गोळे करतात म्हणून मुठेल. गोळा चांगला टणक असतो. दिव्याच्या वातीजवळ जरा धरायचा, पाघळलेलं तेल भेगेत सोडायचं आणि पाय पांघरुणात घ्यायचे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी संरक्षक मलमं करतात ते मुळात हेच.

त्यातलं सर्वांत ओळखीचं व्हॅसलिन आलं थेट तेलाच्या विहिरीवरून. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसविलला खनिज तेल लागलं आणि रॉबर्ट चेसब्रो हा २२ वर्षांचा रसायनतज्ज्ञ तिथं पोचला. पंपाच्या दांड्यांवर काळपट मेण साचायचं, पंप अडायचे. कामगार त्या मेणाला वैतागलेले. पण हात कापला किंवा भाजला की तेच चोपडायचे. चेसब्रोनं ते सोबत नेलं, अनेक वर्षं खपून शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. शोधाचं अर्धं श्रेय त्या कामगारांचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुढे मेंढीच्या लोकरीतली चरबी कामी आली. १८८२ मध्ये जर्मनीत तिच्यापासून शुद्ध लॅनोलिन तयार झालं. त्याच चरबीतून काढलेल्या युसेराइटमुळे तेलात पाणी टिकून राहू लागलं आणि १९११ मध्ये हॅम्बुर्गमधून निव्हिया बाजारात आलं. आपल्याकडे १९२९ मध्ये कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन काढलं. त्या हिरव्या ट्यूबमध्ये बोरिक अ‍ॅसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन.

हे सगळं होईपर्यंत समज एकच होता: त्वचा कोरडी पडते ती तेल कमी पडल्यामुळे. १९५२ मध्ये अमेरिकी संशोधक आयर्विन ब्लँक यांनी तो तपासून पाहिला. त्यांनी घट्ट्याची कडक कातडी घेतली. वाळलेला तुकडा तेलात कितीही ठेवला तरी कडकच राहिला. पाणी मिळालं तेव्हा मात्र मऊ पडला, वाकू लागला. त्वचेचा सर्वांत वरचा थर लवचीक राहतो तो पाण्यामुळे, आणि व्हॅसलिनसारखं मलम ते पाणी उडून जाऊ देत नाही.

म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, आंघोळीनंतर अंग टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच मलम लावा. मुठेल लावणार असाल, तर तेही पाय धुतल्यावरच लावा.