वॉरंट नसताना पोलीस घरात कधी येऊ शकतात? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कोथरूडमध्ये एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आम्ही सेफ्टी डोअर बसवलं. चाव्या हातात घेताना त्यांनी विचारलं, "दार एवढं भक्कम केलंत, पण पोलिसांनी उघडायला सांगितलं तर उघडावंच लागतं का?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आम्ही कुलूप, लॅच आणि ग्रिलचं काम करणारी माणसं. पण बंद दार उघडायला पोलीस आणि सोसायटीवाले आम्हालाच बोलावतात, तेव्हा एवढं तरी आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. म्हणून नवा कायदा वाचून, वकिलांशी बोलून हे पत्रक तयार केलं आहे. प्रत्येक नव्या दारासोबत आम्ही ते देतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. दुसऱ्या कायद्याचं नाव दिलेलं नसेल, तर खाली दिलेले कलमांचे आकडे या नव्या संहितेचे आहेत. नियम बरेचसे जुनेच आहेत, थोडे नवे आहेत.

"वॉरंट आहे का?" याआधीचा प्रश्न

दारात पोलीस दिसले की बहुतेक जण "वॉरंट दाखवा" म्हणतात. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याआधी "कोणत्या कामासाठी आलात?" हे विचारायला हवं. कुणाचा जीव वाचवायला आलेले पोलीस, कुणाला पकडायला आलेले पोलीस आणि एखादी वस्तू शोधायला आलेले पोलीस यांना लागू होणारे नियम वेगवेगळे आहेत. कारण कळलं की पुढे काय विचारायचं आणि काय मागायचं हे ठरवता येतं.

जीव वाचवण्यासाठी

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रसंग हाच. म्हातारं माणूस घरात एकटं, मुलगा परदेशात. दोन दिवस फोन उचलला जात नाही, दुधाची पिशवी दाराला तशीच लटकते. शेजारी ११२ ला फोन करतात, पोलीस येतात, आणि मग आम्हाला निरोप येतो.

अशा वेळी दार तोडायला पोलिसांना वॉरंट लागत नाही. कोर्टाचं वॉरंट असतं ते माणूस पकडायला किंवा झडती घ्यायला. आत कुणी पडलं असेल, गॅसचा वास येत असेल, आग लागली असेल, मारहाणीच्या किंकाळ्या ऐकू येत असतील, तर कागदाची वाट बघत बसावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १९ नुसार मोठं नुकसान टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू न ठेवता, प्रामाणिकपणे केलेलं छोटं नुकसान गुन्हा ठरत नाही. त्याच कलमाखाली आग पसरू नये म्हणून घरं पाडणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं आहे. न्याय संहितेचंच कलम ३० सांगतं की संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेली कृतीही गुन्हा नाही. बेशुद्ध माणसाकडून परवानगी कशी घेणार? ही दोन्ही कलमं फक्त पोलिसांसाठी नाहीत. शेजारी, वॉचमन, अग्निशमन दलाचे जवान आणि आमचा कारागीर, सगळ्यांनाच त्यांचा आधार आहे.

मात्र जीव वाचवायला उघडलेल्या दारातून शिरून कपाटं उचकटायची मुभा कुणालाही मिळत नाही. माणूस सापडला, त्याला दवाखान्यात नेलं की ते काम संपलं. आत माणूस मृतावस्थेत सापडला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित माणसांसमोर पंचनामा करतात. शेजाऱ्यांनो, तेव्हा पंच व्हायला मागे हटू नका. ज्याच्या घरात सगळं घडलं त्याच्या बाजूने बघणारं तिथे दुसरं कुणी नसतं.

एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. बाथरूममध्ये पडलेल्या एका आजोबांसाठी रात्री आम्हाला बोलावलं. लॅच आम्ही दहा मिनिटांत काढलं, पण दार हलेना, कारण आतून वरची कडीही लावलेली होती. शेवटी अग्निशमन दलाचे जवान शिडीने गॅलरीतून आत गेले. आजोबा शुद्धीवर होते, मांडीचं हाड मोडलं होतं. बाहेर आम्ही सगळे, पोलीसही, जवळपास तासभर ताटकळलो होतो. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या ग्राहकांना आम्ही आतली कडी न लावण्याची विनंती करतो. बाहेरून चावीने उघडेल असं चांगलं लॅच रात्रीसाठी पुरेसं आहे. एक चावी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा आणि ती कुणाकडे आहे हे मुलांना कळवून ठेवा.

कुणाला पकडायला आले तर

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ज्याला अटक करायची तो तुमच्या घरात आहे किंवा शिरला आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर कलम ४४ प्रमाणे त्यांनी मागणी केल्यावर त्यांना आत येऊ देणं घरात राहणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो तुमच्या घरचा नसून चोरून शिरलेला परका असला तरीही.

दार उघडलंच नाही तर ते तोडताही येतं. त्यासाठी एकतर वॉरंट हवं, नाहीतर वॉरंट आणेपर्यंत तो माणूस निसटेल अशी वेळ हवी. त्यातही आधी आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून दार उघडायची मागणी करावी लागते. त्यानंतरही आत येता आलं नाही, तरच तोडणं. कायद्याने हा क्रम ठरवून दिला आहे, म्हणून दाराआडून "नाव काय, कुठलं पोलीस ठाणं, कुणासाठी आलात?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्या खोलीत रूढीप्रमाणे परपुरुषांसमोर न येणारी स्त्री राहते, आणि अटक तिलाच करायची नाही, तिथे शिरण्याआधी तिला तसं सांगून बाहेर पडायला अवधी द्यावा लागतो. आणि अटक स्त्रीलाच करायची असेल, तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी ती करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची झाल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायला हवी.

वस्तूची झडती

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. तपास करणारा अधिकारी घाईच्या वेळी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. मात्र तपासाला लागणारी वस्तू त्या जागी आहे असं मानायला सबळ कारण हवं आणि दुसऱ्या मार्गाने ती वेळेत मिळण्यासारखी नसावी. ही कारणं आणि शक्यतो कोणती वस्तू शोधायची हे झडतीआधी लेखी नोंदवावं लागतं. हे कलम १८५. या नोंदीच्या प्रती ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हव्यात, आणि घरमालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून त्याला त्या फुकट मिळतात. हा अर्ज करा. घाई खरी होती की कारण नंतर जुळवलं, हे त्या कागदावरून समजतं.

झडतीच्या वेळी परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत. जप्त केलेल्या वस्तूंची यादी तिथेच करून पंचांच्या सह्या घ्यायच्या असतात. तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं आणि यादीची सही केलेली प्रत तुम्हाला द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता पाळून घ्यायची. हे कलम १०३ मध्ये आहे. कलम १०५ नवं आहे. त्यानुसार झडतीचं आणि यादी करण्याचं ध्वनिचित्रमुद्रण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. मुद्रण सुरू आहे ना, हे विचारायला अजिबात संकोच करू नका. त्याने प्रामाणिक पोलिसांचंही रक्षणच होतं.

अमली पदार्थांच्या कायद्याचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत. तिथे अधिकार दिलेला अधिकारी माहिती लेखी नोंदवून दिवसा वॉरंटशिवाय आत येऊ शकतो. रात्री यायचं असेल तर वॉरंटची वाट पाहिल्यास पुरावा लपवला जाईल किंवा माणूस पळेल, याची कारणंही लिहावी लागतात. त्या नोंदीची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे जायला हवी.

नुसतं "बघायला आलो" म्हटलं तर?

ना गुन्हा, ना तपास, ना आत कुणाला धोका, फक्त नजर ठेवण्यासाठी मध्यरात्री घरात येणं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच खडक सिंह खटल्यात रद्द ठरवलं. उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमावलीत रात्रीच्या घरभेटींची तरतूद होती, ती गेली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १४७ नुसार कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणारा किंवा झडती घेणारा पोलीसही शिक्षेला पात्र ठरतो.

अमेरिकेत राहणारी मुलं कधी कधी आईवडिलांना फोनवर सांगतात, "वॉरंट नसेल तर मिळालेला पुरावा कोर्ट फेकून देतं, घाबरू नका." आपल्याकडे तसं सरसकट होत नाही. १९७३ च्या पूरनमल खटल्यापासून आपली न्यायालयं असं मानत आली आहेत की झडतीत बेकायदेशीरपणा झाला, एवढ्याच कारणाने पुरावा बाद होत नाही. म्हणून दारातच भांडून खटला जिंकू या भरवशावर राहू नका.

दारात नेमकं काय करायचं

आतलं लाकडी दार उघडा, बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर बंद ठेवा आणि जाळीतून बोला. जाळीचं दार बसवायचा आमचा आग्रह यासाठीच असतो. ओळखपत्र जाळीतून वाचता येतं. साध्या कपड्यातला माणूस असेल, मनात शंका असेल, तर ११२ ला फोन करून खात्री करा. पोलीस असल्याचं सांगून म्हाताऱ्या माणसांचे दागिने लुबाडणारे तोतये कमी नाहीत. खरा पोलीस दोन मिनिटं थांबायला हरकत घेणार नाही. आत कुणी संकटात असेल तर मात्र ही दोन मिनिटंही लावू नका.

ओळख पटली, कारण कळलं आणि तरीही तुम्हाला ते पटलं नाही, तर "माझी संमती नाही, पण मी अडवत नाही" असं शांतपणे म्हणा आणि पंचांसमोर बोला. दार लोटू नका, हात उचलू नका. सरकारी नोकरावर बळाचा वापर केल्यास न्याय संहितेच्या कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. आलेल्यांची नावं, वेळ, काय नेलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि वकिलांना दाखवा.

आमच्याकडूनही एक शब्द. पोलिसांनी सांगितल्यावर आम्ही कुणाचं दार उघडतो, ते पोलीस आणि सोसायटीचा एक पदाधिकारी समोर उभे असतानाच. नुसत्या फोनवर कुणाच्याही घराचं कुलूप आम्ही उघडत नाही, समोरचा स्वतःला कुणीही म्हणवो. शक्य असेल तिथे आम्ही दार न फोडता लॅचचा सिलिंडर काढतो आणि त्याच वेळी नवा बसवून चावी पोलिसांसमोर घरच्यांच्या हाती देतो. घरचं कुणीच नसेल तर चावी पोलिसांकडे देऊन तशी नोंद करून घेतो. या पत्रकाची मोठ्या अक्षरातली प्रत आजी-आजोबांसाठी दुकानात ठेवली आहे. हवी असेल तर घरपोच आणून देऊ.